दाताच्या उपचारांची धास्ती वाटते? हळुवार डॉक्टर असा शोधा

दाढ ठणकत असते, रात्र कूस बदलत काढलेली असते, तरी सकाळी दवाखान्यात फोन करायचं धाडस होत नाही. गोळीने दुखणं दबतं, अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यावर जाते आणि तो आठवडा काही उजाडत नाही. शेवटी सहन होईनासं झालं की नाइलाजाने जायचं. तोवर दात इतका बिघडलेला असतो की उपचारही मोठा करावा लागतो, आणि त्या मोठ्या उपचाराची आठवण धास्ती आणखी वाढवते. या चक्रात वर्षानुवर्षं अडकलेल्यांसाठी हे लिहिलं आहे.

अशी माणसं भित्री नसतात. बऱ्याच जणांच्या बाबतीत मागे खरोखर काहीतरी घडलेलं असतं: लहानपणी भूल नीट चढायच्या आत काढलेला दात, रडताना कुणीतरी दाबून धरलेले हात, "दात घासत नाहीस का?" म्हणून सगळ्यांसमोर झालेली खरडपट्टी. त्यामुळे "काही होत नाही, हिंमत धर" या सल्ल्याचा त्यांना काडीचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो योग्य डॉक्टरांचा. आणि असे डॉक्टर ओळखायची माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण एकच आहे: तुम्ही "थांबा" म्हटलं की ते थांबतात का? पदव्या, चकाचक दवाखाना, मंद संगीत हे सगळं त्यानंतर. ही खूण तोंडात एकही हत्यार जायच्या आधी तपासता येते. कशी, ते पुढे सांगते.

आधी भीती नेमकी कशाची, ते ठरवा

"मला दाताच्या डॉक्टरांची भीती वाटते" एवढ्यावरून कुठल्याच डॉक्टरांना नीट मदत करता येत नाही. नॉर्मन कोरा यांनी १९६९ साली ही भीती मोजण्यासाठी चार प्रश्नांची छोटी प्रश्नावली तयार केली. १९९५ मध्ये गेरी हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी तिच्यात इंजेक्शनचा पाचवा प्रश्न घातला, आणि ती सुधारित प्रश्नावली आज अनेक देशांत वापरली जाते. उद्या दवाखान्यात जायचंय, बाहेर बाकावर बसलाय, दात कोरायचाय, दात साफ करून घ्यायचेत, हिरडीत इंजेक्शन घ्यायचंय: या पाच प्रसंगांत किती घाबरायला होतं, त्याला प्रत्येकी १ ते ५ गुण द्यायचे. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली तर भीती तीव्र आहे असं मानतात. हे गुण एका कागदावर मांडून सोबत न्या. तोंडाने सांगताना आवाज कापतो, तिथे कागद कामाला येतो.

गुणांपेक्षाही कोणत्या प्रसंगाला जास्त गुण पडले ते महत्त्वाचं. कुणाला सुईची धास्ती असते, कुणाला ड्रिलच्या आवाजाची. कुणाला मागच्या दाढेपाशी आरसा गेला तरी उबळ येते. खुर्ची आडवी झाली की आपण कुणाच्या तरी ताब्यात गेलो असं वाटून काहींचा श्वास अडकतो, विशेषतः ज्यांच्यावर पूर्वी अत्याचार झालेला असतो त्यांचा. आणि एक मोठा गट असा, ज्यांना दुखण्यापेक्षा लाज जास्त छळते. "माझे दात बघून काय म्हणतील?" या एका विचाराने दहा-दहा वर्षं तोंड न दाखवलेली माणसं असतात. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की किडलेले, तुटलेले, हललेले दात बघणं हे डॉक्टरांचं रोजचं काम आहे. त्यावरून जे टोमणे मारतात, त्यांच्याकडे पुन्हा जायची गरज नाही.

सुई बघून चक्कर येणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. अशा माणसांचं ब्लड प्रेशर आधी वाढतं आणि मग झपकन खाली येतं, म्हणून शुद्ध हरपते. त्यांना "अंग सैल सोडा" हा नेहमीचा सल्ला उलटा पडू शकतो. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी त्यांच्यासाठी बरोबर उलट व्यायाम सुचवला: हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडायचे, अर्धा मिनिट थांबून पुन्हा आवळायचे, असं चार-पाच वेळा. घरी आठवडाभर सराव करून मग खुर्चीत वापरा. सुई टोचतेवेळी मात्र मान आणि जबडा हलू द्यायचा नाही.

नावं कुणाला विचारायची

ज्यांना भीती वाटत नाही त्यांना विचारू नका. "आमचे डॉक्टर एकदम फास्ट, पाच मिनिटांत दाढ काढून हातात देतात" ही त्यांच्या लेखी शाबासकी असते. तुम्हाला सावकाश काम करणारा माणूस हवाय. तुमच्यासारखीच धास्ती असलेलं, तरीही उपचार पूर्ण करून आलेलं कुणी ओळखीत आहे का ते बघा आणि त्यांना नेमकं विचारा: "मध्येच दुखलं तेव्हा डॉक्टरांनी काय केलं?" "हात चांगला आहे" या उत्तराने फारसं कळत नाही. "लगेच थांबले, अजून भूल दिली, पाच मिनिटं वाट बघितली" हे उत्तर सोन्यासारखं.

पाटीवर "वेदनारहित उपचार" लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच ठरवू नका; ते कुणीही लिहू शकतं. इंटरनेटवरचे अभिप्राय वाचताना ताऱ्यांपेक्षा वाक्यं वाचा. "प्रत्येक गोष्ट आधी सांगून केली", "घाई केली नाही" असं वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या शब्दांत लिहिलेलं असेल तर ते नाव यादीत घ्या. तक्रारींना दवाखान्याने दिलेली उत्तरंही वाचा. तक्रार करणाऱ्यालाच फटकारणारे डॉक्टर खुर्चीतल्या माणसाशी कसे वागतील, याचा अंदाज तिथेच येतो.

लहान मुलांच्या दंतवैद्यांना घाबरलेल्या पेशंटला हाताळण्याचं खास शिक्षण मिळालेलं असतं. त्यांच्यापैकी काही जण विशेष गरजा असलेल्या मोठ्या माणसांनाही तपासतात, आणि नाही तपासत तर अशा पेशंटशी नीट वागणाऱ्या सहकाऱ्याचं नाव देऊ शकतात. दंत महाविद्यालयाचा पर्यायही चांगला आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ भरपूर लागतो पण घाई नसते. ज्यांना अनोळखी माणसांची गर्दी सोसत नाही त्यांनी मात्र तिकडे विचार करून जावं.

फोनवर काय बोलायचं

दोन-तीन नावं हाती आली की फोन करा. वाक्य आधी लिहून ठेवा आणि सरळ वाचा: "मला दातांच्या उपचारांची खूप भीती वाटते. पहिल्या भेटीत फक्त बोलणं आणि तपासणं एवढंच करायचं, उपचार नको, असं चालेल का? त्यासाठी थोडा जास्त वेळ मिळेल का?"

पलीकडून "अहो, काही नाही होत, या तुम्ही" असं आलं तर ते चांगल्या मनाने म्हटलेलं असेल, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. पुन्हा विचारा. "हो चालेल, डॉक्टरांना तसं सांगून ठेवते, सकाळची पहिली वेळ देऊ का?" असं ऐकू आलं तर तो दवाखाना घाबरलेल्या माणसांना सरावलेला आहे. सकाळची पहिली वेळ खरोखर मागून घ्या. बाहेर बसून आतला मशीनचा आवाज ऐकावा लागत नाही, आणि दिवसभर धास्तीत बसावंही लागत नाही. सोबत कुणाला तरी आत येऊ देतील का, हेही आत्ताच विचारून टाका. बोलायलाच जमत नसेल तर मेसेज करा किंवा घरच्या कुणाकडून फोन करवा.

पहिली भेट: इथे परीक्षा डॉक्टरांची

शक्य असेल तर सुरुवातीचं बोलणं साध्या खुर्चीत, समोरासमोर बसून होऊ द्या. तुमचा कागद द्या. आधीचे आजार, चालू औषधं (विशेषतः रक्त पातळ करणारी), ॲलर्जी, डायबिटीस, हृदयाची झडप बदललेली असेल तर ते, गरोदरपण: हे सगळं न विसरता सांगा, कारण कोणतं औषध कसं द्यायचं ते त्यावर ठरतं.

मग खूण ठरवा. डावा हात वर केला की काम थांबलं पाहिजे. उजव्या बाजूला बहुधा डॉक्टर बसलेले असतात, म्हणून डावा. खूण ठरल्यावर नुसता आरसा घेऊन तपासणी चालू असताना, काहीही दुखत नसताना, हात वर करून बघा. हीच ती परीक्षा. आरसा ताबडतोब बाहेर आला का? "काय झालं?" असं विचारलं का? की "झालंच, एक सेकंद" म्हणत काम पुढे चालू राहिलं? आरशासाठी जे थांबत नाहीत ते ड्रिलसाठी थांबतील ही आशा धरू नका. आणि चांगल्या डॉक्टरांना अशा चाचणीचा रागही येत नाही. मी माझ्या आत्याबरोबर गेले होते तेव्हा तिने असाच हात वर केला, डॉक्टरांनी आरसा बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला, हातमोजे घातलेले दोन्ही हात तिला दिसतील असे समोर धरले आणि "पुन्हा करून बघा हवं तर" म्हणाले. तिचे खांदे तिथेच खाली आले.

आणखी काही गोष्टी टिपून ठेवा. खुर्ची मागे नेण्याआधी सांगितलं का? आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं ही पद्धत मुलांच्या दंतोपचारात १९५९ पासून रुजलेली आहे. मोठ्यांनाही ती तितकीच लागू पडते आणि तुम्ही ती हक्काने मागू शकता. पूर्ण आडवं झोपणं सोसत नसेल तर पाठ थोडी उंच ठेवून तपासता येतं का, विचारा. उबळ येत असेल तर तोंडात फिल्म धरण्याऐवजी बाहेरून फिरणाऱ्या मशीनने सगळ्या दातांचा एकच मोठा एक्स-रे काढता येतो. तो बारीक किडीसाठी पुरेसा नसतो, पण सुरुवातीला चालून जातो.

भाषाही ऐका. "काहीच कळणार नाही" म्हणणाऱ्यांपेक्षा "दोन-तीन सेकंद टोचेल, मग जड वाटेल" म्हणणाऱ्यांवर मी जास्त विश्वास ठेवीन. निघण्याआधी कोणता दात तातडीचा, कोणता थांबू शकतो आणि प्रत्येकासाठी पर्याय काय, हे समजून घ्या. "आत्ता बसलाच आहात तर लगेच करून टाकू" असा आग्रह झाला तर ठरल्याप्रमाणे घरी या.

भुलीबद्दल हे माहीत असू द्या

बहुतेकांची भीती इथेच अडलेली असते, म्हणून जरा सविस्तर सांगते. आज सर्रास वापरली जाणारी लिडोकेनची भूल स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली तयार केली. औषध चांगलंच आहे. फरक पडतो तो देण्याच्या पद्धतीने.

नीट दिलेलं इंजेक्शन असं असतं. हिरडी आधी कापसाने कोरडी करतात, कारण ओल्या हिरडीवर जेल पसरून वाया जातं. मग बधिर करणारं जेल लावून एक-दोन मिनिटं थांबतात. गाल ताणून धरतात, म्हणजे सुई सहज आत जाते. त्यानंतर औषध अगदी सावकाश सोडतात, साधारण मिनिटाला १ मिलिलिटर या वेगाने. सिरिंजमध्ये बसवायच्या औषधाच्या छोट्या नळीत, म्हणजे एका काडतुसात, जवळपास १.८ मिलिलिटर औषध असतं, म्हणजे ते पूर्ण द्यायला दोनएक मिनिटं लागायला हवीत. इंजेक्शनचं दुखणं बरंचसं सुईच्या टोचण्यापेक्षा आत ढकललेल्या औषधाच्या दाबाने होतं. म्हणूनच टाळूवरचं इंजेक्शन जास्त झोंबतं: तिथली त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते, औषधाला पसरायला जागाच नसते. काही दवाखान्यांत औषधाचा वेग राखणारं संगणकावर चालणारं यंत्र असतं. ते असलं तर उत्तम, पण सावकाश हाताने तेच साधतं.

पुढचा टप्पा थांबण्याचा. खालच्या मागच्या दाढांना भूल चढायला दहा मिनिटंही लागू शकतात. ओठ बधिर झाला म्हणजे दात बधिर झालाच असं नाही, म्हणून काम सुरू करण्याआधी दाताला गारवा लावून किंवा हिरडीला टोचून बघतात. पू झालेल्या, सुजलेल्या जागी ऊतींमधली आम्लता वाढलेली असते आणि तिथे भूल कमी चढते. खालच्या दाढेची नस खूप सुजलेली असेल तर नेहमीचं एक इंजेक्शन अपुरं पडणं हे सर्वच डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. मग दुसरं इंजेक्शन, दात आणि हाडाच्या मधल्या फटीत किंवा थेट हाडात औषध, असे मार्ग असतात. पहिल्या भेटीत हा प्रश्न नक्की विचारा: "भूल चढली नाही तर तुम्ही काय करता?" उत्तरात यांतलं काही आलं तर ठीक. "असं होतच नाही" हे उत्तर आलं तर दुसरा डॉक्टर बघा. "मला भूल चढत नाही" असं तुम्ही सांगितल्यावर कुणी हसलं, तरी हेच.

दोन गोष्टींनी उगाच घाबरायला होतं. भुलीत बऱ्याचदा ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, त्यामुळे इंजेक्शननंतर काही मिनिटं छाती धडधडू शकते. ती आपोआप शांत होते. आणि भुलीने दुखणं थांबलं तरी दाब, ओढ आणि थरथर जाणवत राहते. दात काढताना कडकड ऐकू येते, जोर कळतो. ते जाणवलं तर भूल उतरली असं समजू नका. तीक्ष्ण कळ आली तरच हात वर करा, आणि कळ आली तर मात्र बिनदिक्कत करा.

पहिलं काम छोटं निवडा

तातडीचं काही नसेल तर दात साफ करणं किंवा छोटं फिलिंग, एवढ्यानेच सुरुवात करा. ड्रिलची धास्ती असेल तर विचारा: हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून काचेच्या जातीचं सिमेंट भरण्याची पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात विकसित झाली, वीज नसलेल्या ठिकाणांसाठी. छोट्या, उघड्या किडीला ती आजही चालते. चांदीयुक्त फ्लोराइडचं द्रावण नुसतं लावून कीड थोपवता येते, पण तो भाग काळा पडतो, म्हणून ते मागच्या दातांवर बरं. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल तर यांतलं काही पुरत नाही.

घशात पाणी जाईल या भीतीवर रबराच्या पातळ पडद्याचा उपाय आहे, १८६४ पासून वापरात असलेला. तो दाताभोवती ताणून बसवला की पाणी, भुकटी मागे जातच नाही. काहींना त्याने गुदमरल्यासारखं वाटतं. एकदा लावून बघा आणि ठरवा.

तरीही जमत नसेल तर

नायट्रस ऑक्साइड, म्हणजे नाकावरच्या छोट्या मास्कमधून घ्यायचा वायू, हा सौम्य उपाय. अमेरिकन दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ साली हा वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. आज तो ऑक्सिजनमध्ये मिसळून देतात. तुम्ही जागे असता, बोलू शकता, मन मात्र निवांत होतं, आणि नंतर शुद्ध ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत परिणाम उतरतो. नाक चोंदलेलं असेल तर उपयोग नाही, आणि गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तो टाळतात.

त्यापुढे गुंगीची गोळी, शिरेतून दिलेली गुंगी आणि शेवटी हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल. या तिन्हींत सोबत माणूस हवाच, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि उपाशी राहण्याबद्दल जे सांगतील ते काटेकोर पाळायचं. शिरेतून गुंगी घेणार असाल तर विचारा: नाडी आणि ऑक्सिजन यावर सतत लक्ष कोण ठेवणार? काम करणाऱ्या डॉक्टरांखेरीज त्यासाठी वेगळा प्रशिक्षित माणूस असायला हवा. घरून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी किंवा दारू घेऊन येऊ नका, दिलेल्या औषधांशी ते धोकादायक ठरतं. गुंगी घेण्यात कमीपणा अजिबात नाही. पण तिने आजचं काम पार पडतं, भीती तशीच राहते. ती कमी करायची असेल तर मानसोपचार तज्ज्ञांकडची विचार-वर्तन उपचारपद्धती दातांच्या भीतीवर चांगली लागू पडते.

शोध बाजूला ठेवून लगेच जायची वेळ

चेहरा किंवा मान सुजली आणि ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वासाला त्रास होऊ लागला, सूज डोळ्याकडे चढू लागली, तर मनासारख्या डॉक्टरांची वाट बघू नका. थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. तिथेही "मला खूप भीती वाटते" हे पहिल्याच वाक्यात सांगा. नुसती अँटिबायोटिक घेऊन घरी थांबणं हा यावर इलाज नाही, आणि दुखणाऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवायचा प्रकार तर कधीच करू नका, हिरडी भाजते.

डॉक्टर पसंत पडले आणि पहिलं काम नीट झालं, तर निघण्यापूर्वी तिथेच पुढची तारीख घ्या, शक्यतो त्याच सकाळच्या वेळेची. एक्स-रेची प्रत मागून घ्या आणि केसपेपरवर दोन ओळी लिहायला सांगा: कोणती भूल दिली, किती दिली, किती वेळाने चढली. पुढे कधी गाव बदललं, डॉक्टर बदलले, तर नव्या माणसाला सगळ्यात आधी तो कागद दाखवा.